कोलेस्टेरॉलची गोळी, मांड्यांचं दुखणं आणि सप्लिमेंटचे डबे

अबोली | ११ जुलै, रात्री १०:१२

मंडळी, बाबांच्या बाबतीत सल्ला हवा आहे. कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा.

बाबा ६३ वर्षांचे. ते आणि आई ठाण्यात नौपाड्याला, मी घोडबंदर रोडला. बीपीची गोळी जुनी आहे, साखर काठावर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१. एप्रिलमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७४ आला, म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० मिलीग्रॅम ही स्टॅटिन गटातली, कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी सुरू केली. जूनच्या पहिल्या आठवड्यात तपासलं तर ९२. आम्ही सगळे खूश.

जूनच्या शेवटी बाबा म्हणायला लागले की मांड्या भरून येतात. स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबतात. पाटावरून उठताना हात टेकतात. हे त्यांच्या स्वभावात नाही. कचराळी तलावावर रोज चार फेऱ्या मारणारा माणूस आहे. तिथल्याच एका काकांनी सांगितलं की ही गोळी स्नायू खाते, लिव्हर खराब करते, डायबिटीस आणते, विसराळूपणा येतो. बाबांनी आम्हाला न विचारता गोळी बंद केली. मला कळलं ते काल, ओट्यावरचे डबे बघून: लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, गुग्गुळ, कोक्यूटेन, आणि अमेरिकेहून आत्तेभावाने पाठवलेला 'रेड यीस्ट राइस'चा मोठा डबा. या सगळ्याचा महिन्याचा खर्च गोळीच्या कित्येक पट आहे.

आणि मुख्य गोष्ट, गोळी बंद करून आठवडा उलटला तरी दुखणं तसंच आहे.

माझे धाकटे काका ५४ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. त्यामुळे मला झोप लागत नाहीये. गोळीचे दुष्परिणाम खरे किती? आणि या डब्यांनी गोळीचं काम होतं का?

---

कोपरीकर | ११ जुलै, रात्री १०:४०

टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केलं होतं का? माझ्या आईचं अगदी हेच झालं होतं. गोळी सुरू झाली आणि पाय दुखायला लागले. आम्ही गोळीला शिव्या घालत बसलो. डॉक्टरांनी थायरॉइड तपासायला लावला, तर टीएसएच १४. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही चढतं आणि स्नायूही दुखतात, आणि अशा माणसाला स्टॅटिनचा त्रास जास्त होतो. थायरॉइडची गोळी लागू पडल्यावर दुखणं गेलं आणि एलडीएलही आपोआप उतरला. आधी रक्त तपासा.

---

हरित_येऊर | ११ जुलै, रात्री ११:०५

अबोलीताई, बाबांनी योग्य केलं असं माझं स्पष्ट मत आहे. मी ५८ वर्षांचा. मलाही हीच गोळी दिली होती, मी सोडली. जवसाची चटणी, अर्जुनाच्या सालीचा काढा, सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या आणि येऊरच्या डोंगराचा चढ. दम लागत नाही, झोप छान लागते. शरीराला लागणारं कोलेस्टेरॉल लिव्हर स्वतः बनवतं, ते बाहेरून रसायन टाकून रोखायचं कशाला? आपल्या आजोबा-पणजोबांनी कुठली स्टॅटिन घेतली होती? कंपन्यांना आयुष्यभराचं गिऱ्हाईक हवं असतं. बाबांना आनंदाने राहू द्या.

---

निशिगंध | १२ जुलै, सकाळी ७:१८

हरितदादा, तुमचं फिरणं आणि खाणं उत्तमच आहे, पण एक वाक्य मला खोडावंच लागेल. दम न लागणं म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या असणं नव्हे. माझ्या मिस्टरांना कधी दम लागला नव्हता. ४९ व्या वर्षी एकदम अँजिओप्लास्टी करावी लागली. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक व्हिडिओ बघून त्यांनी स्टॅटिन सोडली, आणि वर्षाच्या आत दुसरा स्टेंट बसला. दुसरा स्टेंट गोळी सोडल्यामुळेच लागला असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पण ज्याला एकदा अटॅक आलाय किंवा स्टेंट बसलाय त्याने ही गोळी परस्पर सोडू नये, हे मी कळकळीने सांगते.

अबोली, बाबांवर रागावू नकोस. त्यांचं दुखणं खरं आहे. घरातल्यांनी ते ऐकून घेतलं नाही की माणसं तलावावरच्या काकांचं ऐकतात.

---

औषधवाला | १२ जुलै, दुपारी २:३०

मी वाशीत औषधाच्या दुकानात बसतो, फार्मासिस्ट आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे डोस ठरवणं माझं काम नाही. पण हा प्रश्न काउंटरवर रोज येतो, म्हणून थोडं लांब लिहितो.

अबोलीताई, सगळ्यात आधी त्या डब्यांतला रेड यीस्ट राइस बंद करा. आजच. कारण सांगतो.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये आकिरा एंडो नावाचे शास्त्रज्ञ बुरशींमध्ये कोलेस्टेरॉल रोखणारं द्रव्य शोधत होते. हजारो बुरशी तपासल्यावर एका पेनिसिलियम जातीच्या बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन सापडलं. पुढे दुसऱ्या एका बुरशीतून लोव्हास्टॅटिन मिळालं, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेली पहिली स्टॅटिन ती हीच. लाल यीस्ट लावून आंबवलेल्या तांदळात मोनॅकोलिन के असतं. मोनॅकोलिन के आणि लोव्हास्टॅटिन हे रासायनिकदृष्ट्या एकच द्रव्य आहे. म्हणजे बाबांनी एक स्टॅटिन बंद केली आणि नैसर्गिक म्हणून दुसरी सुरू केली, तीही किती मिलीग्रॅम ते माहीत नसताना. डब्याडब्यात हे प्रमाण फार बदलतं. काहींत सिट्रिनिन नावाचं मूत्रपिंडाला घातक बुरशीविष सापडलेलं आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये रोजच्या मात्रेत मोनॅकोलिन ३ मिलीग्रॅमपेक्षा कमीच असावं असं बंधन घातलं. जपानमध्ये २०२४ मध्ये लाल यीस्टच्या तांदळाच्या गोळ्या खाऊन अनेकांची मूत्रपिंडं बिघडली आणि माल परत मागवावा लागला. तिथे दुसऱ्याच एका बुरशीचा संसर्ग झाला होता असं निघालं.

दुसरं, बाबा सध्या घेत असलेली प्रत्येक स्ट्रिप, ट्यूब, पुडी एका पिशवीत घाला आणि नीट बघा. फक्त बीपीची गोळी सांगू नका. पावसाळ्यात गजकर्णासाठी त्वचेचे डॉक्टर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल देतात. घसा-छातीसाठी क्लॅरिथ्रोमायसिन देतात. ही दोन्ही औषधं लिव्हरमधलं ते एन्झाइम अडवतात ज्याने अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिनचा निचरा होतो. मग २० मिलीग्रॅमची गोळी अंगात कितीतरी जास्त होऊन बसते. हृदयाच्या डॉक्टरांना गजकर्णाचं माहीत नसतं आणि त्वचेच्या डॉक्टरांना कोलेस्टेरॉलचं कुणी सांगत नाही.

लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा हातापायांतली ताकदच गेली तर वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. स्नायू विरघळून मूत्रपिंडावर येण्याचा तो प्रकार फार क्वचित होतो, वर्षाला लाखात दोन-चार जणांना, पण होतो तेव्हा तास महत्त्वाचे असतात.

---

अबोली | १२ जुलै, दुपारी ३:०२

औषधवाले दादा, अंगावर काटा आला. बाबांना मे महिन्यापासून जांघेत गजकर्ण आहे. कसली तरी कॅप्सूल चालू आहे हे माहीत होतं. संध्याकाळी जाऊन पिशवी बघते.

---

रानभूल | १२ जुलै, सायंकाळी ५:४५

नेरूळमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. दुखण्याची जागा नीट विचारा, त्यावरून बरंच कळतं. स्टॅटिनचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना, मोठ्या स्नायूंत असतं: मांड्या, नितंब, खांदे, पोटऱ्या. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत येतं. एकच गुडघा, एकच खांदा, सकाळी बोटं आखडणं, हे बहुतेक दुसरं काही असतं.

आणि एक गोष्ट कुणी बोललं नाही. ठरावीक अंतर चाललं की पोटरी किंवा मांडी दुखते, उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत थांबते, पुन्हा चाललं की पुन्हा दुखते, असं असेल तर ते पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. तसं असेल तर स्टॅटिनची गरज वाढते. बाबा पुलावर मध्येच थांबतात म्हणून विचारते. घोट्याजवळची नाडी आणि पायाचं बीपी डॉक्टर क्लिनिकमध्येच तपासू शकतात.

---

तळटीप | १२ जुलै, रात्री ९:२०

दुष्परिणाम किती खरे, यावर आकड्यांत बोलतो.

स्नायूदुखी: ऑक्सफर्डच्या गटाने २०२२ मध्ये १९ मोठ्या चाचण्यांतल्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांची माहिती एकत्र केली. या चाचण्यांत कोणाला स्टॅटिन मिळते आणि कोणाला नुसती खोटी गोळी, हे घेणाऱ्यालाही माहीत नव्हतं. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायूंची तक्रार केली. खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के. थोडा वाढीव त्रास होता तो मुख्यतः पहिल्या वर्षात, हजारी अकराच्या आसपास. त्यानंतर फरक उरला नाही.

डायबिटीस: हा धोका खरा आहे, लपवण्यात अर्थ नाही. २०१० च्या एका एकत्रित अभ्यासानुसार २५५ लोकांनी चार वर्षं स्टॅटिन घेतली तर एकाला जास्तीचा डायबिटीस होतो. जास्त डोसला धोका जास्त, आणि तो बहुतेक करून आधीच काठावर असलेल्यांना. अबोली, तुझे बाबा त्यांत मोडतात, म्हणून एचबीएवनसी वेळेवर करत राहा. त्याच वेळी एलडीएल साधारण ३९ अंकांनी उतरला की अटॅक, स्ट्रोक वगैरे मोठ्या घटना पाचातली एक कमी होते, हेही त्याच पारड्याशेजारी ठेव.

लिव्हर: थोड्या लोकांत एन्झाइम वाढतात, बहुतेकदा आपोआप किंवा डोस कमी केल्यावर उतरतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये सगळ्यांची वारंवार लिव्हर टेस्ट करण्याची शिफारस काढून टाकली. सुरू करण्यापूर्वी एकदा आणि लक्षणं दिसली तर, एवढं पुरे म्हटलं. विसराळूपणाची नोंद त्याच वेळी लेबलवर आली, पण तो क्वचित आणि गोळी थांबवल्यावर जाणारा.

सप्लिमेंट: २०२२ मध्येच अमेरिकेत १९० लोकांवर २८ दिवसांची एक चाचणी झाली. एका गटाला रोसुव्हास्टॅटिन ५ मिलीग्रॅम, एकाला खोटी गोळी, बाकी सहा गटांना फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल, रेड यीस्ट राइस. रोसुव्हास्टॅटिनने एलडीएल ३८ टक्क्यांच्या जवळपास उतरला. सहाही सप्लिमेंटांचा खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय फरक दिसला नाही, आणि लसणाच्या गटात तर एलडीएल थोडा वाढला. चाचणी लहान होती आणि काळ थोडा होता, हे मान्य. पण ज्या गोळीशी स्पर्धा होती तिचा डोसही सगळ्यात लहान होता.

---

हरित_येऊर | १२ जुलै, रात्री ९:५८

२७ आणि २६ म्हणजे दुखणं सगळं मनाचे खेळ, असंच ना? माझे पाय दुखत होते ते मला माहीत आहे. ज्याचं दुखतं त्याला आकडे दाखवून गप्प करणं बरं नाही.

---

तळटीप | १२ जुलै, रात्री १०:३१

नाही हो, मुळीच नाही. दुखणं खरं असतं. प्रश्न एवढाच की ते कशामुळे आहे.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या लोकांनी २०२० मध्ये याच प्रश्नावर चाचणी केली. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या: चारांत अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २०, चारांत तशीच दिसणारी खोटी गोळी, चार रिकाम्या. एकेक महिना एकेक बाटली, आणि रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४, खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. म्हणजे लोकांना त्रास झालाच, गुण खोटे नव्हते. पण गोळी घेतोय या धास्तीनेच त्यातला नव्वद टक्के भाग आला होता. स्वतःचे आकडे बघितल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

तुमचे पाय त्या उरलेल्या दहा टक्क्यांतले असू शकतात, हे मी नाकारू शकत नाही. तशी माणसं असतात, आणि त्यांच्यासाठी आज दुसरे रस्ते आहेत. मला खटकतं ते एवढंच की गोळी सोडल्यावर तुम्ही पुन्हा लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) केली का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

---

जुईनगरची ताई | १३ जुलै, सकाळी ६:५०

थोडं अवांतर, पण जीवाशी आहे म्हणून. वाशीच्या मिनी सीशोरला सकाळी फिरायला येणारी बरीच माणसं कोलेस्टेरॉलसाठी दुधीचा रस पितात. रस आधी चमचाभर चाखायचा, आणि किंचितही कडू लागला तर लगेच टाकून द्यायचा. कडू दुधीत कुकुरबिटॅसिन नावाचं विष असतं. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस पिऊन मृत्यू झाला होता. त्यानंतर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीनेही कडू रस पिऊ नये असं बजावलं. 'औषध आहे, कडूच असणार' म्हणून माणसं डोळे मिटून पितात, तिथेच घात होतो.

---

अबोली | १५ जुलै, रात्री ११:१५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आता काय झालं ते लिहिते.

पिशवीत इट्राकोनॅझोल २०० निघाली. त्वचेच्या डॉक्टरांनी १० जूनला सुरू केली होती. दुखणं जूनच्या शेवटी. तारखा मांडल्यावर बाबाही गप्प झाले. आणि गोळी सोडल्यावर दुखणं का थांबलं नाही तेही कळलं: त्याच दिवसापासून त्यांनी रेड यीस्ट राइसच्या दोन कॅप्सूल सुरू केल्या होत्या, इट्राकोनॅझोल चालूच होती.

डॉक्टरांकडे सगळी पिशवीच घेऊन गेले. त्यांनी पायाच्या नाड्या तपासल्या, त्या चांगल्या लागतात. रानभूल, तुमच्यामुळे ते विचारता आलं. रक्तात सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) ६४०, लॅबची वरची मर्यादा २०० च्या आसपास. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ठीक, टीएसएच ठीक, व्हिटॅमिन डी ११, म्हणजे फारच कमी. सगळे डबे बंद, स्टॅटिन सध्या बंद, त्वचेच्या डॉक्टरांशी बोलून कॅप्सूल बदलायची. चार आठवड्यांनी सीके पुन्हा. मग वेगळी स्टॅटिन लहान डोसमध्ये बघू म्हणाले.

बाबांचा प्रश्न राहिलाच आहे: गुग्गुळ तर आपल्या आयुर्वेदातला, तो का बंद?

---

तळटीप | १६ जुलै, सकाळी ८:०५

गुग्गुळाचा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण त्याची गोष्ट आपल्याच देशात सुरू होते. सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर गुग्गुळ सांगितला आहे. त्या वर्णनावरून १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग झाले, आणि सशांचं कोलेस्टेरॉल उतरलं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्याचा शुद्ध अर्क तयार केला आणि १९८० च्या दशकात तो औषध म्हणून आपल्याकडे बाजारात आला. भारतातल्या सुरुवातीच्या चाचण्या आशा वाढवणाऱ्या होत्या. कुणी याची टर उडवली तर मला राग येतो, कारण परंपरेतून धागा उचलून तो प्रयोगशाळेत ताणून बघणं हेच करायला हवं होतं.

मग २००३ मध्ये फिलाडेल्फियात १०३ लोकांवर आठ आठवड्यांची नियंत्रित चाचणी झाली. गुग्गुळ घेणाऱ्यांचा एलडीएल चार-पाच टक्के वाढला, खोटी गोळी घेणाऱ्यांचा पाच टक्के उतरला. काहींच्या अंगावर पुरळ उठलं. त्या लोकांचा आहार वेगळा होता, त्यामुळे आपल्याकडे तसंच होईल असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण १७४ च्या एलडीएलला भरवसा ठेवावा असा पुरावा गुग्गुळाच्या बाजूने नाही. शिवाय इतर औषधांबरोबर तो काय करतो याचा अभ्यास तुटपुंजा आहे, आणि बाबांच्या बाबतीत नेमकं तिथेच दुखतंय.

---

औषधवाला | १६ जुलै, दुपारी १:४०

बाकीच्या डब्यांबद्दल.

फिश ऑइलने ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) उतरतात, एलडीएल नाही. कधीकधी थोडा वाढतो. लसणाच्या कॅप्सूल अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतल्या तर रक्तस्रावाची भीती. फोडणीतला लसूण खुशाल खा. नायसिनने (व्हिटॅमिन बी-३) आकडे सुधारतात, पण स्टॅटिनवर जोड म्हणून दिलं तेव्हा मोठ्या चाचण्यांत अटॅक कमी झाले नाहीत, उलट त्रास वाढले. कोक्यूटेनने स्टॅटिनची दुखी कमी होते का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. एखाद्याला डॉक्टरांनी थोडे दिवस करून बघा म्हटलं तर बघावं, पण एलडीएल उतरवणं हे त्याचं कामच नव्हे.

एलडीएलसाठी स्वयंपाकघरातलं खरं काम करणारं काही असेल तर ते इसबगोल. आपल्या शेजारी उत्तर गुजरातेत पिकतो, वाशीच्या एपीएमसी बाजारात किलोवर मिळतो. रोज सात-दहा ग्रॅम भुशी नियमित घेतली तर एलडीएल पाच ते दहा टक्के उतरतो. भरपूर पाण्याबरोबर घ्यायचा, आणि बाकी औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवायचं. ओट्स किंवा जवातला बीटा-ग्लुकन हा तंतू रोज तीन ग्रॅम पोटात गेला तर तेवढाच आधार. वनस्पती तूप, पुन्हा पुन्हा तळलेलं तेल, बेकरीतली खारी-बिस्किटं कमी केली तर आणखी. पण हिशेब बघा: १७४ चे दहा टक्के म्हणजे १७. बाबांना नुसतं शंभराच्या खाली यायलाच ७५ अंक उतरवायचे आहेत.

सप्लिमेंटचा डबा उलटा करून वाचा. त्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाची ओळ असते, एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानुसार ती छापावीच लागते. डबा अन्न म्हणून विकला जातो. स्ट्रिप औषध म्हणून, डोसची हमी देऊन. काउंटरच्या या बाजूला बसून मला हा फरक रोज दिसतो. डब्यावर आमची कमाई जास्त असते, तरी सांगतो की हृदयासाठी पैसे त्यात घालू नका.

---

हरित_येऊर | १६ जुलै, रात्री ९:१०

तळटीप, तुमच्या त्या प्रश्नावर विचार केला. गोळी सोडल्यानंतर लिपिड प्रोफाइल केलेली नाही. या आठवड्यात करतो आणि जो आकडा येईल तो इथेच टाकतो. अर्जुनाची साल मात्र सोडणार नाही.

---

हरित_येऊर | २४ जुलै, सायंकाळी ७:२५

एलडीएल १५१. ट्रायग्लिसराइड उत्तम, ११८. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ५२. साखर, बीपी ठीक. घरात कुणाला हृदयविकार नाही.

---

तळटीप | २४ जुलै, रात्री ८:४०

आकडे टाकलेत, खूप बरं वाटलं. ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल बघता येऊर, जवस फुकट गेलेलं नाही, हे मनापासून सांगतो. एलडीएल मात्र जास्त आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतासाठी पहिल्यांदाच स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात धोका कमी असलेल्यांचा एलडीएल १०० च्या खाली, जास्त धोका असलेल्यांचा ७० च्या खाली आणि आधीच हृदयविकार असलेल्यांचा ५५ च्या खाली असावा असं म्हटलं आहे. तुम्हाला गोळी हवीच का, हे एका आकड्यावर ठरत नाही. डॉक्टरांशी कॅल्शियम स्कोअरबद्दल बोला. साधा सीटी स्कॅन आहे. हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम शून्य असेल तर गोळी पुढे ढकलायला जागा असते, बरंच असेल तर नसते. काढा सोडा असं कोण म्हणतंय? फक्त डॉक्टरांना काढ्याचंही सांगा.

---

निशिगंध | २५ जुलै, सकाळी ७:४०

हरितदादा, तुम्ही तपासून आलात याचा मला फार आनंद झाला. आपल्याकडे अटॅक लवकर येतो हो. ५० देशांहून जास्त ठिकाणी झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या अटॅकचं वय ५३ निघालं, बाकीच्यांचं ५८-५९. तुमचं वय त्यातच बसतं. कॅल्शियम स्कोअर नक्की करा.

---

अबोली | ३० ऑगस्ट, रात्री १०:५०

बाबांची बातमी. सीके १७२, पूर्ववत. मांड्या मोकळ्या झाल्या आहेत. उजवा गुडघा अजून दुखतो, तो झिजेचा आहे असं एक्स-रेत दिसलं, म्हणजे त्याचा गोळीशी संबंध नव्हता. व्हिटॅमिन डी चालू आहे. गजकर्ण आता मलमावर आणि दुसऱ्या कॅप्सूलवर आटोक्यात आहे.

रोसुव्हास्टॅटिन ५ मिलीग्रॅम सुरू होऊन दोन आठवडे झाले. ती त्या एन्झाइमवर फारशी अवलंबून नसते आणि आशियाई माणसात रक्तात जास्त चढते म्हणून लहान डोसने सुरुवात, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. एलडीएल ९१. ७० च्या खाली आणायचा आहे, पण डोस दुप्पट केला तर जेमतेम सहा टक्के आणखी उतरेल, त्यापेक्षा जोडीला एझेटिमिब देऊ, तिने आणखी वीसेक टक्के उतरेल, म्हणाले. आणि हेही जमलं नाही तर बेंपेडोइक अ‍ॅसिड आहे. ते स्नायूंत जाऊन सक्रिय होत नाही, स्टॅटिन न सोसणाऱ्या जवळपास चौदा हजार लोकांवर त्याची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यात अटॅक वगैरे घटना १३ टक्क्यांनी कमी झाल्या. रस्ते एवढे आहेत हे बाबांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं की एक गोळी किंवा काहीच नाही.

आता बाबा रोज सकाळी वहीत लिहितात: किती फेऱ्या, कुठे दुखलं, दहापैकी किती. ही वही डॉक्टरांनीच सुचवली. तलावावरच्या त्या काकांनाही त्यांनी पिशवी उघडून बघायला सांगितलं आहे. काकांकडे क्लॅरिथ्रोमायसिन निघाली नाही, पण दोन वेगवेगळ्या नावांच्या, आत एकच औषध असलेल्या स्टॅटिनच्या स्ट्रिप निघाल्या. काका दोन्ही घेत होते.

---

सीवूड्सकर | ३१ ऑगस्ट, सकाळी ११:३०

पूर्ण धागा वाचला, वाचनखूण साठवली. दोन शंका. ग्रेपफ्रूट चालत नाही म्हणतात, ते आपण खात नाही, पण गणपतीत पपनस येतं त्याचं काय? आणि माझ्या मिस्टरांच्या रिपोर्टमध्ये लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण) ८४ आलंय, त्यावर कुठलं सप्लिमेंट चालतं का?

---

औषधवाला | ३१ ऑगस्ट, दुपारी ३:१५

पपनस ग्रेपफ्रूटच्याच कुळातलं, त्यातही ती एन्झाइम अडवणारी द्रव्यं असतात. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर प्रसादाची फोड चालेल, रोज अख्खं फळ किंवा रस नको. रोसुव्हास्टॅटिन असेल तर ही अडचण नाही. संत्रं-मोसंबी दोन्हींबरोबर चालतात.

लिपोप्रोटीन-ए जन्मजात असतं. खाण्यापिण्याने किंवा सप्लिमेंटने ते खाली आणता येत नाही. युनिट बघा: मिलीग्रॅम असेल तर ५० च्या वर जास्त धरतात, आणि भारतीयांत साधारण चारात एकाचं तसं असतं. खास त्यावरची औषधं अजून चाचण्यांत आहेत. तोवर एलडीएल जितका खाली ठेवता येईल तितका, बीपी आणि साखर ताब्यात, तंबाखू बंद. हा रिपोर्ट पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा आणि मुलांची वयं सांगा. सख्ख्या भावंडांची आणि मुलांची ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्यायची असते.